जुन्या प्रतींत नसलेली बाई

"काका, हा भाग एवढ्या मोठ्या अक्षरांत?" अपूर्वाने विचारलं.

"सगळ्यांत महत्त्वाचा आहे म्हणून," श्रीकांतराव मान वर न करता म्हणाले.

चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलावर कार्डशीट पसरून ते सकाळपासून लिहीत होते. रविवारी तिथल्या ख्रिस्ती मंडळीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि भिंतीवर लावायचा मजकूर त्यांच्याकडेच यायचा. उज्जैनच्या जिल्हा न्यायालयात, निकालांच्या नकला देणाऱ्या शाखेत, श्रीकांत चिटणीसांची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अक्षर हललं नव्हतं.

ते लिहीत होते ती शुभवर्तमानातली गोष्ट अपूर्वाला तोंडपाठ होती. परपुरुषाबरोबर सापडलेल्या एका बाईला लोक येशूपुढे आणतात, दगडांनी मारायला निघालेले असतात. तो वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो आणि म्हणतो, तुमच्यात निष्पाप असेल त्याने सुरुवात करावी. एकेक जण निघून जातो. मग तो त्या बाईलाही जाऊ देतो.

अपूर्वा ही पास्टर सुहास यांची मुलगी. बंगळुरूला धर्मशास्त्र शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. ती म्हणाली, "पण काका, हा भाग तर जुन्या प्रतींत नाहीच आहे ना."

श्रीकांतरावांचं पेन थांबलं.

"सगळ्यांत जुन्या ज्या हस्तलिखित प्रती सापडल्या, त्यांत ही गोष्ट नाही. खूप नंतर कोणीतरी त्यात घातली. काही प्रतींत तर ती वेगळ्याच जागी आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा आवाज हळू झाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. पप्पांना तर माहीत आहे."

श्रीकांतरावांनी पेनाला टोपण लावलं. अर्धी ओळ तशीच राहिली.

पास्टर सुहास शेजारच्या खोलीत खुर्च्यांच्या भाड्याबद्दल कोणाशी तरी फोनवर बोलत होते. ते बोलणं संपेपर्यंत श्रीकांतराव दारात उभे राहिले आणि मग त्यांनी सरळ विचारलं. पास्टरांनी चष्मा काढून पुसला.

"हां, खरं आहे. सेमिनरीत शिकलो होतो."

"म्हणजे त्या दिवशी कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली, तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि बोलला नाहीत."

"चिटणीसजी, तुम्ही रडत होता. रडणाऱ्या माणसाला कोणी तळटीप सांगतं का?"

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चर्चच्या जमिनीच्या निकालाची नक्कल घ्यायला पास्टर कोर्टात आले होते. श्रीकांतरावांचे वडील, भय्यासाहेब, जाऊन महिनाही झाला नव्हता. चहा घेता घेता अनोळखी माणसापुढे श्रीकांतरावांच्या तोंडून सगळं निघालं. धाकटी बहीण जयू एका लग्न झालेल्या माणसाबरोबर देवासला निघून गेली होती. दोन वर्षांनी तो माणूस बायकोकडे परतला आणि जयू घराच्या दारात येऊन उभी राहिली. भय्यासाहेब नुसते म्हणाले, "कडी." कडी लावली श्रीकांतरावांनी. ती बाहेर तासभर उभी होती आणि तेवढाच वेळ ते आत दाराला लागून उभे होते. पुढे पंधरा वर्षं कोणी तिचं नाव काढलं नाही. तिच्या त्या प्रकरणानंतर श्रीकांतरावांचं ठरत आलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा कधी ठरलं नाही, तेव्हा राग धरायला त्यांच्याकडे कारणही होतं.

ते ऐकून पास्टरांनी त्या बाईची गोष्ट सांगितली होती. पुढच्याच रविवारी श्रीकांतराव देवासच्या बसमध्ये बसले आणि जयूला घेऊन आले. तेव्हापासून दर रविवारी ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नव्हता. धर्म बदलायला कलेक्टर कचेरीत कागद द्यावे लागतात, आणि सगळं आयुष्य कागदांत गेल्यावर आपली एक तरी गोष्ट कुठल्याही दफ्तरात नसावी असं त्यांना वाटे. घरात जयूचे देव होते, ते तसेच राहिले. रोज सकाळी दूध आणायला जाताना ते येशूशी बोलत, मराठीत, अरे-तुरे करून.

"मग ती गोष्ट खोटी आहे का?" त्यांनी आता विचारलं.

"खोटी कशाला असेल? जुनी तर आहेच. लोकांच्या तोंडी राहिली असेल, मग कोणीतरी लिहून घेतली. येशू असाच वागला असता, चिटणीसजी."

"असता," श्रीकांतराव म्हणाले. "आमच्याकडे फाईलमध्ये पान नंतर जोडलेलं निघालं, तर ते खोटंच असतं असं नाही. पण तशी नोंद करून द्यावी लागते. बावीस वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं."

"सांगून काय मिळालं असतं? तुमची बहीण घरी आली की नाही?" पास्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "ज्याच्या मनाला टोचणी असते ना, त्याला मी हीच गोष्ट सांगतो. हॉस्पिटलमध्ये, जेलमध्ये. हिचा असर होतोच. आणि सोबत तुमच्या बहिणीचं सांगतो. रतलामला सांगितलं, खंडव्याला सांगितलं. लोक रडतात."

"बहिणीचं?"

"नाव नाही घेत मी. उज्जैनचे एक भाऊ, एवढंच. इथे तर सगळ्यांना माहीतच आहे, तुम्हीच प्रार्थनासभेत सांगितलं होतं. रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्याल, तेव्हा तेच सांगा. तळटीप राहू द्या. साधी माणसं आहेत, घाबरून जातील."

श्रीकांतराव चालत नानाखेड्यापर्यंत आले. बस स्टँडसमोर रिक्षावाले महाकाल, महाकाल म्हणून ओरडत होते, त्यातल्या एकाने त्यांना यात्रेकरू समजून हातच धरला. हिचा असर होतोच, हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी झाडाखाली आपल्याला कोणीतरी समजून घेतलं, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. समोरच्याने तर अंदाज घेऊन औषध काढून दिलं होतं.

संध्याकाळी जयू भैरवगढहून आली. देवासला ती शिवणकाम करायची. इथे आल्यापासून छपाईच्या एका कारखान्यात चादरी धुणं, वाळवणं, काठ शिवणं ही कामं बघत होती. त्रेसष्ट वर्षांची झाली तरी रोज जायची. हातपाय धुऊन ती मेथी निवडायला बसली. श्रीकांतराव समोर बसले.

"जयू, तुला एक सांगायचं आहे. मी तुला न्यायला देवासला आलो ना, ते का आलो ते."

त्यांनी कडुलिंबापासून आजपर्यंतचं सगळं सांगितलं. जयूचे हात मध्येच थांबले.

"म्हणजे तू ती गोष्ट ऐकून आलास."

"हो."

"मी समजत होते, भय्यासाहेब गेले, घर खायला उठलं, तुला माझी आठवण आली."

"आठवण तर होतीच."

"पंधरा वर्षं होती आणि आला नाहीस. पास्टरनी कहानी सांगितली आणि बसमध्ये बसलास." ती रागावलेली दिसत नव्हती. नीट समजून घेत असल्यासारखी विचारत होती. "आणि हे त्यांच्या चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे?"

श्रीकांतरावांनी मान डोलावली.

"दर नाताळला मी चिरोटे करून स्वतः घेऊन जाते. त्या बायका माझा हात धरून बसतात, सोडत नाहीत. मला वाटायचं, माझे चिरोटे आवडतात."

"आवडतातच, जयू."

"त्या बघून राहिल्या होत्या मला. ही ती." तिने मेथीची जुडी परत बांधली. "आणि तू कोण होतास त्यांच्यापुढे? कडी कोणी लावली हे सांगितलंस?"

पास्टरांना श्रीकांतरावांनी ते सांगितलं होतं. प्रार्थनासभेत मात्र 'घरच्यांनी दार उघडलं नाही' असं म्हणाले होते.

"कडी मी लावली होती," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. दाराखालून तुझे पाय दिसत होते."

मग श्रीकांतरावांनी विचारलं, "तरी माझ्याबरोबर आलीस?"

"तू आपणहून आलास असं वाटलं, म्हणून आले."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते रोजच्यासारखे दूध आणायला निघाले. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी आल्यावर रोज बोलणं सुरू व्हायचं. आज सुरू होईना. सगळा प्रश्न तयार होता, तू होतास का तिथे, खरंच वाकला होतास का. पण तो विचारायचा कोणाला हेच कळेना, कारण ज्याला ते ओळखत होते तो त्या एका गोष्टीतलाच होता. डेअरीपाशी पोहोचेपर्यंत ते खांबापाशी न सुचलेला पहिला शब्दच शोधत राहिले. जयू त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर कामाला गेली. रात्री मुक्कामाला तिकडेच राहणार असल्याचा तिचा फोन आला.

रविवारी हॉल भरला होता. भिंतीवर त्या गोष्टीची कार्डशीट नव्हती, तिथे फुलांची माळ लावून जागा झाकली होती. पास्टरांनी नाव पुकारल्यावर श्रीकांतराव मागच्या बाकावरून उठून पुढे गेले. खिशात लिहून आणलेला कागद होता, तो त्यांनी काढला नाही.

"एका बाईची गोष्ट तुम्ही इथे बऱ्याच वेळा ऐकली आहे," ते म्हणाले. "ती सगळ्यांत जुन्या प्रतींत नाही. हे मला परवा कळलं. पास्टर साहेबांना आधीपासून माहीत होतं." पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. "आणि माझ्या बहिणीबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, त्यात एक गोष्ट गाळली होती. दार बंद करणारा मी होतो. बहिणीची ती गोष्ट सांगायचा मला हक्कही नव्हता. मी तिला विचारलं नव्हतं. यापुढे ती कोणी कुठे सांगू नये, एवढी विनंती आहे."

तबल्यावर बसलेल्या माणसाने पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनी हात वर केला आणि भजन सुरू झालं. सगळे उभे राहून गाऊ लागले. अपूर्वा उभी राहिली, पण तिचे ओठ हलत नव्हते. श्रीकांतराव मधल्या वाटेने दाराकडे गेले. दाराजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांची बाही धरली.

"भैया, जयू दीदी क्रिसमस पे आएगी ना?"

"पता नहीं, अम्मा," ते म्हणाले आणि त्यांनी बाही सोडवून घेतली.

भैरवगढला जाणारी रिक्षा कालभैरवाच्या गर्दीत अडकली, तेव्हा ते उतरून पायी निघाले. कारखान्याच्या मागे, नदीच्या काठावर, दोऱ्यांवर लाल-काळ्या चादरी वाळत होत्या. जयू साडी खोचून दगडावर उभी होती. तिच्यासमोर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. तिने त्यांना येताना पाहिलं आणि एका ओल्या चादरीचं टोक पुढे केलं.

"धर."

त्यांनी चपला काढल्या आणि टोक धरलं. दोघांनी दोन बाजूंनी पिळायला सुरुवात केली.

"काय बोललास तिकडे?"

त्यांनी सांगितलं, होतं तेवढंच.

"माझं नाव घेतलंस?"

"नाही. नाव कसं घेणार?"

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा?"

"तेव्हाही नाही घेतलं."

"घ्यायचं होतंस." तिने पीळ आणखी घट्ट केला. "जयश्री चिटणीस. दोन वर्षं त्याच्याबरोबर राहिली, आणि चांगली राहिली. मग पंधरा वर्षं मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवले, कोणापुढे रडली नाही. सांगायचंच होतं तर हे सांगायचं. नुसतं बहीण, बहीण काय?"

पाणी श्रीकांतरावांच्या पायांवर पडत होतं.

"मी इकडेच राहणार आहे," ती म्हणाली. "गौरीच्या घरी वरची खोली रिकामी आहे. माझ्याबरोबर काठ शिवते, ती गौरी. देव मंगळवारी नेईन."

"किती दिवस?"

"ताण," ती म्हणाली.

त्यांनी चादर ताणून धरली. जयूने तिच्या बाजूची दोन टोकं एकत्र केली, त्यांनी त्यांच्या बाजूची केली. मग घडी घालत ती त्यांच्याकडे चालत आली, अगदी समोर, आणि तिने त्यांच्या हातातली टोकं घेतली. त्यांचे हात तसेच पुढे राहिले. ती वळली आणि चादर खांद्यावर टाकून दोरीकडे निघून गेली.