दिवा वाढवा

दोन माणसे आपापल्या जागी पूर्णपणे योग्य असतात आणि तरीही एकाचे कर्तव्य दुसऱ्याच्या आड येते, असे प्रसंग संसारात येतात. तिथे दोष कोणाचा हे विचारून काही साधत नाही. कोणाचेही कर्तव्य न मोडता पुढे कसे जावे, एवढेच पाहायचे असते. देवणीच्या उमाबाईंच्या घरी श्रावणात असा पेच आला, तो बिघडलेल्या फ्रीजमुळे.

उमाबाईंचे देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतला एक कोनाडा. त्यातल्या लहानशा समईतला तुपाचा दिवा श्रावणभर अखंड तेवत ठेवायचा, असे त्यांचे व्रत होते. पहाटे जाग आली की त्या आधी वातीकडे पाहत, मग देवाकडे. समोरच्या भिंतीशी फ्रीज होता आणि त्यात सोमवारच्या प्रसादाचा खवा ठेवलेला. फ्रीज थंड होईना, तेव्हा त्यांचा मुलगा संगमेश्वर याने उदगीरहून धम्मानंद मेकॅनिकला बोलावून घेतले.

धम्मानंद मूळचा नांदेडचा. तिथल्या एका वृद्ध उस्तादांच्या हाताखाली तो हे काम शिकला होता. त्याने आधी दारे-खिडक्या उघडायला लावल्या. घरातल्या एकाही बटणाला कोणाला हात लावू दिला नाही. बाहेर मीटरजवळचा मेन स्विच स्वतः पाडला. मग फ्रीज ओढून उलटा फिरवला आणि त्याच्या पाठीवरचा पिवळा त्रिकोण आणि त्यातले ज्वालेचे चित्र दाखवून तो म्हणाला, "संगमेश्वरभाऊ, ह्यात पेटणारा गॅस हाय. चुलीच्या सिलिंडरचाच भाऊबंद. पण ह्याला वास न्हाई, आन् हा खाली जमिनीला धरून पसरतो. गळाला तरी कळत न्हाई."

मग कोनाड्याकडे वळून तो अदबीने म्हणाला, "आज्जी, तेवढा दिवा वाढवा."

आणि तो फ्रीजच्या पाठीशी वाकला. आभाळ भरलेले, वीज बंद. खोलीत अंधारच होता. गॅसच्या नळीला तो पकड लावणार, तोच फ्रीजच्या पाठीवर त्याची स्वतःची सावली एकाएकी गडद झाली. हात जागीच थांबला. त्याने वळून पाहिले. उमाबाईंनी वात पुढे सारली होती, वर तूप घातले होते, आणि ज्योत चांगली बोटभर उंच झाली होती.

"अवो आज्जी, हे काय केलं?"

"तूच म्हणलास की वाढव म्हणून! अंधारात दिसंना असंल तुला, म्हणून चांगला वाढवला."

"वाढवा म्हंजे मालवा! आमचे उस्ताद तसंच म्हणायचे. विझवा असा शब्द देवापुढं कसा काढू?"

संगमेश्वर पोट धरून हसू लागला. "आई, तुमच्या दोघांच्या अदबीनं आज घर गेलं असतं!"

धम्मानंद मात्र हसला नाही. "चूक माझीच हाय," तो म्हणाला. "सांगून पाठ फिरवायची नसती, बघायचं असतं."

त्याने पकड पेटीत ठेवली. उमाबाईंचा चेहराही उतरला होता. "लेकरा, हा दिवा मालवायचा न्हाई रे. श्रावण सरंपर्यंत न्हाई."

"मग आज्जी, मी नळी उघडणार न्हाई. खवा नासला तरी चालंल. तुमच्या दिव्याला मी नावं ठेवत न्हाई, पण त्याच्यासंगं हा गॅस एका खोलीत नको."

"आई, एक घटकाभर—" संगमेश्वरने सुरुवात केली.

"तू गप रे!" उमाबाई ज्योतीकडून वळून उघड्या दारातून बोळाकडे पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "मालवायचा न्हाई. पण शेजारी बसायला गेला तर कोण न्हाई म्हणंल?"

बोळाच्या पलीकडे मंजुश्रीचे घर होते. आजवर निरोप जाई, वाटीभर भाजी जाई. देवाचा दिवा कधी गेला नव्हता. उमाबाईंनी ज्योत पुन्हा लहान केली आणि समई उचलून छातीशी धरली. बोळात वारा भणाणत होता. उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच ज्योत आडवी झाली, निळी पडली, आणि उमाबाईंच्या तोंडून "शिवा शिवा" एवढेच निघाले. धम्मानंदने ओट्यावरची परात उचलली आणि वाऱ्याच्या अंगाने तो त्यांच्या जोडीने चालू लागला. त्याच्या घरी अशी पूजा नव्हती. परात मात्र त्याने दोन्ही हातांनी धरली होती, आणि नजर ज्योतीवरून ढळू दिली नाही.

मंजुश्रीने दार उघडले. "अगंबाई, पाहुणा आला की!"

"बसायला जागा दे त्याला," उमाबाई म्हणाल्या. "मी हाय सोबतीला."

परत येऊन धम्मानंदने खोली आणखी काही वेळ वाऱ्यावर सोडली. मग रबरी नळीने उरलासुरला गॅस परसात मोकळ्यावर सोडला, गळणारा सांधा विस्तव न लावता नुसता दाबून जोडला, आणि मोजून नवा गॅस भरला. सांध्यावर साबणाचे पाणी लावून तो पाहत बसला. बुडबुडा आला नाही. मेन स्विच वर केल्यावर फ्रीज हलकेच घुमू लागला. तेव्हा तो मंजुश्रीच्या दाराशी गेला.

"आज्जी, चला. आता न्या त्याला घरी."

कोनाड्यात समई ठेवून उमाबाई वळल्या. त्यांनी धम्मानंदच्या काळवंडलेल्या हातांवर आपला हात ठेवला. "हे हात सुखरूप राहू देत, बाबा."

न दिसणाऱ्या, न वास येणाऱ्या वायूंशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, ते सारे सांजेला आपापल्या घरी सुखरूप पोहोचोत. आणि घरोघरी जे कोणी ज्योत राखून बसले आहेत, त्यांचेही कल्याण असो.