धुतलेला स्पंज

साहेबराव चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत भट्टीसमोर उभे राहून निवृत्त झाले. त्यानंतर चिखलीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर करायचं काय, हे त्यांना कळेना. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी प्राजक्ता एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला, शिफ्टने जाणारी. एकदा ते काही कामासाठी निगडीला गेले आणि येताना रिक्षातून काचेची टाकी, फिल्टर, खडे आणि पिशवीत गोल्डफिश घेऊन आले. संध्याकाळी मासे पाण्यात होते. आठवड्याभरात एकेक करून सगळे मेले.

शेवटचा मासा त्यांनी चहाच्या गाळणीने काढला, खाली जाऊन सोसायटीच्या कडुनिंबाखाली पुरला आणि टाकी बाल्कनीत नेऊन ठेवली.

"माझ्या हाताला यश न्हाई, पोरी," ते म्हणाले.

प्राजक्ताची आई गेली तेव्हाही ते हेच म्हणाले होते. आजारपणात त्यांनी तिचं सगळं केलं होतं. म्हणून ते वाक्य प्राजक्ताला टोचलं. तिने मोबाइलवर बरंच वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि सुट्टीच्या दिवशी टाकी परत हॉलमध्ये आणली.

"अण्णा, हाताचा काही संबंध नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, म्हणजे त्यांच्यासाठी विषच. ते पचवणारे जिवाणू असतात. ते नव्या टाकीत नसतात, हळूहळू वाढतात. आधी ते वाढू द्यायचे. मासे मागाहून."

"मग तोवर टाकीत काय?"

"पाणी."

साहेबरावांना ते पटलं. भट्टी पेटवल्या पेटवल्या लोखंड घालायचं नसतं, एवढं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नळाचं पाणी बादल्यांत भरून एक दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडाला की टाकीत ओतायचं. मासे नसलेल्या टाकीत रोज सकाळी माशांच्या खाण्याची चिमूट टाकायची. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. प्राजक्ताने पाणी तपासायच्या बाटल्या मागवल्या होत्या. छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की अमोनिया असेल तर हिरवा रंग यायचा, नसेल तर पिवळा. शेजारचे विचारायचे, "काका, मासे कुठायत?" साहेबराव म्हणायचे, "यायचेत." काही आठवडे हिरवाच रंग आला. मग तो फिका पडू लागला. फिल्टरमधला पांढरा स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झाला. प्राजक्ता म्हणाली, "हेच पाहिजे होतं. जिवाणू यातच राहतात."

याच सुमारास साहेबरावांची थोरली बहीण रुक्मिणीबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बीडकडून आली. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला आणि कित्येक वर्षांनी बाईला सगळं लख्ख दिसू लागलं. घरातली धूळसुद्धा.

"सायबा, ह्या पंख्यावर केवढं जळमट!"

"आक्का, डॉक्टरनं वाकू नको सांगितलंय."

"वाकत न्हाई. बसून करते."

एके सकाळी प्राजक्ता फर्स्ट शिफ्टला गेली होती आणि साहेबराव हयातीच्या दाखल्यासाठी बाहेर पडले होते. दुपारी ते परत आले तर टाकी आरशासारखी चमकत होती. पाणी नवं, थेट नळाचं. खडे घासून पांढरे केलेले. आणि बाल्कनीत दोरीवर, टॉवेलच्या शेजारी, चिमट्याला स्पंज लटकत होता. पांढराशुभ्र.

"पार चिकट झालता," रुक्मिणीबाई समाधानाने म्हणाल्या. "कपड्याच्या पावडरीत भिजवला, तेव्हा कुठं निघाला. टाकी-खडं बी त्याच पावडरीनं घासलं. मासं आणायच्या आदी टाकी साफ नको व्हय?"

साहेबराव खुर्चीवर बसले. "चांगलं केलंस," म्हणाले आणि पाणी प्यायले.

प्राजक्ता कंपनीच्या बसने आली. चप्पल काढतानाच तिला दोरीवरचा स्पंज दिसला.

"आत्या, हे तू केलंस? न विचारता? महिना-दीड महिना वाढवलं होतं आम्ही ते! सगळं मेलं ना आता!"

"मेलं? काय मेलं?" रुक्मिणीबाईंनी चष्मा काढून टाकीकडे पाहिलं. "मासं तर नव्हतं त्यात."

"प्राजू, बस कर," साहेबराव म्हणाले.

पण ती थांबली नाही. दिसत नाही म्हणून जीव नसतो असं नाही, विचारायला काय जात होतं, असं काहीबाही बोलून ती आत गेली. चहा कुणीच केला नाही. थोड्या वेळाने रुक्मिणीबाई आपली पातळं घडी करून पिशवीत भरू लागल्या.

"आक्का, कुठं निघालीस? परवा डोळा दाखवायचाय."

"बीडात दाखवीन. मला काय ठावं, सायबा, त्यात जीव हायेत म्हणून. एक तर तुझं घर असं सुनं. त्यात मी आणि..." त्यांनी पिशवीचा बंद ओढला.

साहेबरावांनी पिशवी हातातून काढून घेतली. "तुझ्यापायी काय बी झालेलं न्हाई. पुन्हा लावू. मला दुसरं काम तरी काय हाय?"

प्राजक्ता दारात उभी होती. तिने हे ऐकलं. ती येऊन आत्याशेजारी बसली आणि आत्याचा हात हातात घेतला.

"चुकलं माझं. दिवसभर लाइनवर कटकट झाली, ती तुझ्यावर काढली. डोळ्यातून पाणी काढू नकोस आता, टाका नवा आहे."

"टाका न्हाई म्हणाला डॉक्टर," रुक्मिणीबाई नाक पुसत म्हणाल्या. "पर मला नीट सांग. काय मारलं मी?"

प्राजक्ताने पहिल्यापासून सांगितलं. रुक्मिणीबाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"आन ते दुसऱ्या कुणाच्या टाकीतलं आणलं तर? विरजणासारखं?"

"चालतं ना. जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर लवकर होतं. पण इथे आपण कुणाला ओळखतो?"

ते खरंच होतं. चार बिल्डिंगांची सोसायटी, कुणी लातूरचं, कुणी साताऱ्याचं, सगळे शिफ्टच्या वेळांनी येणारे-जाणारे. वॉचमन आणि शेजारचं घर सोडलं तर साहेबरावांना कुणी ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई काळा चष्मा लावून बाहेर पडल्या. दार वाजवायचं आणि विचारायचं, "तुमच्यात मासं हायेत का?" काही बायकांना वाटलं, कोळीण आली. एकीने दर विचारला. दोन बिल्डिंगा झाल्या, तिसऱ्या बिल्डिंगमध्ये धम्मरत्न नावाच्या माणसाने दार उघडलं. सेकंड शिफ्टला जायच्या तयारीत होता. त्याच्या मागे भिंतीशी हिरवीगार टाकी होती, झाडांनी भरलेली. सगळं ऐकून तो हसू लागला.

"माझ्या आईनंपण हेच केलं होतं, मावशी. ब्रशनं घासली होती टाकी."

त्याने आपल्या फिल्टरमधला एक स्पंज काढला, टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यात घातला आणि बजावलं, "नळाखाली धरू नका आणि वाळू देऊ नका. बसवायच्या आधी टाकीतली पावडर पूर्ण गेली पाहिजे, चार-पाच वेळा साध्या पाण्यानं धुवा. खरं तर टाकी धुऊन झाल्यावर संध्याकाळी स्पंज नेला असता तर बरं, पण तेव्हा मी कामावर असतो. रविवारी बघायला येतो."

साहेबरावांनी टाकी पुन्हा पुन्हा धुतली, आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेल्या बादल्यांतलं मुरलेलं पाणी भरलं आणि तो घाणेरडा स्पंज फिल्टरमध्ये बसवला. रुक्मिणीबाई पातळाचा पदर खोचून लांब उभ्या राहिल्या. हात लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. चिमूट टाकायचं काम मात्र साहेबरावांनी त्यांना दिलं.

धम्मरत्न रविवारी आला, पुढच्या रविवारीही आला. दोन्ही वेळा चहा घेऊन बराच वेळ बसला. तोही भट्टीवरच कामाला होता, त्यामुळे तो आणि साहेबराव भट्ट्यांबद्दलच जास्त बोलले. दुसऱ्या खेपेला नळीत पिवळा रंग आला. खाणं टाकून दुसऱ्या दिवशी बघितलं, तरी पिवळाच.

गोल्डफिशला ही टाकी लहान पडते असं धम्मरत्न म्हणाला, म्हणून प्लॅटी जातीचे छोटे मासे आणले, अगदी थोडे. साहेबरावांनी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग तोंड उघडलं. मासे बाहेर यायला तयार नव्हते. एक आला, मग बाकीचे.

"आता?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"आता बघायचं," साहेबराव म्हणाले आणि बहिणीसाठी खुर्ची टाकीसमोर ओढली.