मांडावरच्या खुर्च्या

शेवंतीनं जन्मात कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं ते नेमकं नको तेव्हा.

पौष लागला की गोव्यात, पेडण्यातल्या एका वाड्यावर बायका धालो खेळतात. तुळशीपुढच्या सारवलेल्या अंगणाला मांड म्हणायचं. तिथं बायकांनी गायचं, नाचायचं, सोंगं काढायची, नवऱ्यांच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसायचं. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. मग तो सरपंच असो नाहीतर भटजी. मांडाचा मान शेवंतीच्या घराकडे, म्हणून कोणाला बोलवायचं ते सासूच्या माघारी शेवंतीच ठरवी.

यंदा हर्षा दारात येऊन उभी राहिली. शेवंतीच्या भावाचं लेकरू. मुलगा म्हणून वाढली, आता बाई म्हणून राहते, मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसात नोकरी करते. स्वतःच्या सांगण्यावर ट्रान्सजेंडर म्हणून सरकारी ओळखपत्र तिनं मिळवलं होतं. बापाकडून मात्र तिला काहीच मिळालं नव्हतं.

"आते, यंदा माका मांडार बोलयतलंस मां गे?"

शेवंतीच्या तोंडाशी हो आलंच होतं, तेवढ्यात तिला शेजारची तारा आठवली. ताराला तिचा नवरा सगुण मारतो हे वाड्याला ठाऊक होतं, आणि वाडा त्याला घरगुती बाब म्हणत होता. शेवंती तिच्याकडे गेली.

"हर्षाचो माका राग नाय," तारा म्हणाली. "चेडू गुणाचा. पण मांडार मिया मोकळी असतंय गे. थंय माझ्या मनात जरा जरी धाकधूक इली, तर माका दुसरी जागा खंय आसा?"

दोघींचंही खरं होतं, हीच पंचाईत होती. बायका चटईवर बसून दोन दिवस कडाकडा भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तरी काहीतरी निघालं असतं. पण वाईटपणा आपल्या माथी नको, असं शेवंतीला वाटलं. गावानं ठरवलं म्हणजे कोणाचं तोंड कोणाला चुकवायला नको. रविवारी ग्रामसभेत उभी राहून तिनं विचारलं, हर्षाला मांडावर घ्यायचं का?

मग काय विचारता! असला विषय आयता हातात पडला, आणि निवडणूक जवळ. पंच कृष्णनाथ उसळला. हा स्त्रियांच्या हक्कांवर घाला आहे, स्वतःच्या तोंडानं सांगून कोणी बाई होत नाही, म्हणाला. स्वतःच्या सुनेला माहेरी जायला चार वेळा परवानगी मागायला लावणारा हा माणूस. दुसऱ्या बाजूनं विरोधी पक्षाचा सुदेश उठला. संविधान, प्रतिष्ठा, माणूस स्वतः सांगेल तीच त्याची ओळख. बोलला छान, पण मागच्या बाकावर बसलेल्या हर्षाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. तो पाहत होता समोर व्हिडिओ काढणाऱ्या मोबाईलकडे. तारानं उठायचा प्रयत्न केला. तिला सांगण्यात आलं, वयनी, तुमच्यासाठीच चाललंय, बसा.

दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. मांडावर बाई कोण ते समिती ठरवील. समितीत दोन्ही पक्षांची माणसं घेतली, टाळ्या पडल्या. हर्षाबद्दलचा निर्णय समिती पुढच्या बैठकीत घेणार होती.

धालोच्या पहिल्या दिवशी, ऊन कलल्यावर, शेवंती तुळशीत दिवा ठेवायला आली तर मांडाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून समितीचे पुरुष बसलेले. बायका आधार कार्डं हातात धरून रांगेत उभ्या होत्या. हर्षा रस्त्यापलीकडे स्कूटरजवळ थांबली होती. मांडावर पुरुष बसलेले शेवंतीनं आजवर पाहिले नव्हते.

"उठा हयसून," ती म्हणाली. "ही बायकांची जागा."

कृष्णनाथ जागचा हलला नाही. रागावलासुद्धा नाही.

"वयनी, आमका विचारूक तूच इल्लंस मां?"

शरमेनं शेवंतीचे कान तापले. इतक्यात ताराची पाळी आली. कार्ड घ्यायला हात पुढे झाला तो सगुणचा. समितीत कोणाला घेतलंय ते शेवंतीनं विचारलंच नव्हतं.

सगुणनं बायकोचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं आणि खुर्चीत आरामात टेकला.

"गा गे, भियाव नको," तो म्हणाला. "मी आसंय मां हय."

तारानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मांडावर जाऊन उभी राहिली. शेवंतीला तिच्याकडे बघवेना.