आधी चिमणी तापवायची

मंगळवारी सकाळी वीज गेली तेव्हा पद्मजा नवऱ्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होती. आदल्या दिवसापासून पडणाऱ्या गोठत्या पावसानं नोव्हाय गावातल्या झाडांवर काचेसारखा बर्फ चढला होता आणि फांद्या मोडून तारांवर पडत होत्या. घर गरम ठेवणारा फर्नेस गॅसवर चाले, पण त्याचा पंखा विजेवर. दुपारी एक वाजता घरात बावन्न डिग्री फॅरनहाइट होतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम अकरा.

दिवाणखान्यात सुमंतची शेगडी होती. तो तिला इन्सर्ट म्हणायचा. जुन्या विटांच्या फायरप्लेसच्या पोटात बसवलेली, काचेच्या दाराची, लाकडावर चालणारी लोखंडी पेटी. पस्तीस वर्षं गाड्यांची इंजिनं डिझाइन करून रिटायर झाल्यावर त्यानं ती हौसेनं बसवून घेतली. लाकडं कुणाकडून आणायची, किती वाळलेली हवीत, हवा कमी-जास्त करणारा दांडा किती ओढायचा, सगळं तोच बघायचा. पद्मजाचं काम समोर बसून पाय शेकण्याचं.

मग त्याला विसर पडायला लागला. गेल्या हिवाळ्यात त्यानं निखाऱ्यांसकट राख कागदी पिशवीत भरली आणि गराजमध्ये नेऊन ठेवली. गाडी वाचली, भिंत काळी झाली. त्या दिवसापासून पद्मजानं काडेपेट्या लपवल्या. महिनाभर तो रोज काडेपेटी मागत राहिला. नंतर मागेनासा झाला, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता तिनं काडेपेटी स्वतःहून बाहेर काढली. "अहो," ती म्हणाली, "शेगडी कशी पेटवायची ते मला दाखवता?"

सुमंतचा चेहरा उजळला. तो गुडघे टेकून बसला आणि त्यानं लाकडं रचायला घेतली. खाली दोन जाड, वर आडव्या बारीक ढलप्या, मधे वाऱ्याला वाट. हात जराही अडखळले नाहीत. रचून झाल्यावर त्यानं ते क्षणभर न्याहाळलं, एकेक लाकूड बाहेर काढलं आणि पुन्हा रचायला सुरुवात केली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी तो खुशीत गुणगुणत होता. त्याला थांबवायला पद्मजाचं मन होईना, आणि घर तर गार पडत चाललं होतं.

शेवटी तिनंच त्याचा हात हळूच बाजूला केला, दांडा पूर्ण ओढला आणि खाली कागद सारून त्याला काडी लावली.

धूर वर गेलाच नाही. दारातून भसाभसा खोलीत आला. छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला तसा सुमंत कानांवर हात दाबून भिंतीशी सरकला. पद्मजानं खिडक्या उघडल्या, पेटता कागद चिमट्यानं काढून पातेल्यातल्या पाण्यात बुडवला. उरलीसुरली ऊबही खिडकीबाहेर गेली.

"कुणी पेटवली ही?" सुमंत रागानं म्हणाला. अगदी पूर्वीचा आवाज. "चिमणीत गार हवा बसलेली असते. ती आधी तापवायची, मग जाळ करायचा. एवढंही कळत नाही?"

पद्मजा त्याच्यासमोर खालीच बसली. "कशी तापवायची? सांगा ना. मी करते."

सांगायचं अगदी ओठांवर असल्यासारखं त्याचं तोंड उघडलं, मिटलं. "सांगतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "खिडक्या कशाला उघड्या टाकल्यास? थंडी वाजतेय."

तिनं पुन्हा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा धूरच झाला. मग थंडीनं काडी ओढायला बोटंच वळेनात.

दूर प्लेनोला राहणाऱ्या मुलीचा, अनिकाचा, फोन आला. आई, जस्ट गो टू अ हॉटेल, ती म्हणत होती. लाइट असलेली हॉटेलं भरली होती आणि रस्त्यावर पाय ठरत नव्हता, हे पद्मजानं तिला दोनदा समजावलं. मग अनिका काही वेळ नुसतीच रडली. फोनची बॅटरी बारा टक्के उरली होती. तेवढ्यावरच पद्मजानं गावाच्या मदत-नंबरावर फोन लावला.

चारच्या सुमाराला चाकांना साखळ्या लावलेली व्हॅन आली. दोन स्वयंसेवक होते, बोलायला मऊ. शाळेच्या जिममध्ये हीटर आहेत, खाटा आहेत, म्हणाले. सुमंत निघेना. लाकडं रचायची राहिलीत, म्हणाला. त्याला दारापर्यंत आणलं तर त्यानं चौकट धरली, दोन्ही हातांनी. स्वयंसेवक पद्मजाकडे बघत थांबले. मग तिनंच त्याची बोटं सोडवली, एकेक करून. त्याचा जोर अजून चांगला होता. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू ती कुणी परकी बाई आहे आणि त्याला घरातून ओढून नेते आहे.

जिममध्ये खरंच ऊब होती. कुणीतरी सूपचे कप दिले. खाटेवर बसल्या बसल्या सुमंत शांत झाला, तिच्या खांद्याला टेकला. घरी कधी जायचं, त्यानं विचारलं. लाइट आली की, ती म्हणाली.

"कधी येईल?"

पद्मजानं सूप त्याच्या तोंडाजवळ नेलं. पाच मिनिटांनी त्यानं तेच विचारलं. तिनं कपातला उरलेला घोट त्याला पाजला.