तोकुजीच्या झेंड्यावरची नावं

झेंडा हातात आला की मी आधी तो हुंगतो. म्हणजे युद्धावर निघालेल्या जपानी शिपायाला गाव सह्या करून द्यायचं, तसला झेंडा. लबाड दुकानदार नवं रेशीम चहात बुडवून जुनं करतात, परदेशी लोकांच्या गळ्यात मारतात आणि तोच माल फिरून माझ्यापुढे येतो. उभा जन्म मुलांना ब्रशाचं वळण शिकवण्यात गेला. अक्षरावर माझा विश्वास आहे, माणसांवर फारसा नाही.

हा झेंडा अमेरिकेतल्या एका सैनिकाने रणातून उचलून नेला होता, तो त्याच्या नातवाने पाठवला होता. त्यावरचं जुनं लिखाण आजच्या भाषेत उतरवायचं आणि झेंडा अस्सल की नकली ते सांगायचं, एवढं माझं काम. अस्सल ठरला तर तो हात्सुएबाईंना मिळणार, नाहीतर आल्या वाटेने परत जाणार. त्यांचा भाऊ तोकुजी दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या अस्थींची म्हणून एक पेटी घरी आली होती, तिच्यात नुसता खडा निघाला.

नगरपालिकेचा मिझोगुची बाईंना घेऊन आला. बाई गुडघे दुमडून बसल्या, पण झेंड्याला त्यांनी बोट लावलं नाही. सख्ख्या भावाची वस्तू, आणि ही बाई लांबून बघते? मला ते खटकलं.

"काय मास्तर, येतोय का चहाचा वास?" मिझोगुचीने विचारलं.

"नाही. पण तू घाई करू नकोस."

मी वाचायला घेतलं. 'कुमागाई तोकुजी यास. रणात दैव पाठीशी राहो.' लाल गोळ्याभोवती गावकऱ्यांची नावं. दोन-तीन वाचली आणि थबकलो. गाव माझंच होतं, लहानपणी सुटलेलं कामिसावा. वरच्या बाजूला आमच्या वडिलांचं नाव होतं, ओगिसो केन्झो, तेव्हाचे गावप्रमुख. त्यांचं अक्षर मी झोपेतही ओळखेन, आणि हे त्यांचं नव्हतं. भिंग लावून बघितलं, तर प्रत्येक नावात शेवटची रेघ एकसारखी दाबून उचललेली. सगळी नावं एकाच हातची.

"नकली आहे," मी म्हणालो. "गावप्रमुख ओगिसो केन्झो माझे वडील. हे त्यांचं अक्षर नव्हे, सगळी नावं एकाच हातची."

"अहो मास्तर, शनिवारी पेपरवाले यायचेत!"

"मग तुझा फोटो काढू दे त्यांना."

"नावं मी लिहिलीत," हात्सुएबाई म्हणाल्या.

मिझोगुची त्यांच्याकडे वळला.

"आमच्या बापाने दुष्काळात बांध फोडून आमच्या भाताला पाणी घेतलं होतं. गावाने वाळीत टाकलं. आग लागली नाहीतर मयत झाली तरच यायचे. एरवी बोलचाल बंद. मग तोकुजीदादाला लढाईचं बोलावणं आलं. सही मागायला जाणार कुणाच्या दारात? आणि कोरा झेंडा घेऊन तो पलटणीत जाणार? मी चौदा वर्षांची होते, अक्षर बरं होतं. त्याला म्हटलं, दादा, तू शेतावर होतास तेव्हा सगळे येऊन लिहून गेले."

"आणि त्याला पटलं?" मी विचारलं.

"रडला हो तो. निघायच्या दिवशी दारोदार आभार मानायला गेला. मी धावले मागून, पण तोवर तो तुमच्या दारात. तुमच्या वडिलांनी झेंडा पाहिला. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, 'मी शाई दाट घेतली होती, पावसात उतरायची नाही.' तो वाकला, तेही वाकले. मग पुढच्या घरी ते स्वतः त्याच्याबरोबर गेले. कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवसापासून परत वाळीत."

हे मात्र वडिलांना शोभत होतं. तरी माझा संशय जाईना. गोष्ट कुणीही रचतो. मी ब्रश पुढे केला. "माझ्या वडिलांचं नाव लिहा."

बाईंची अक्षरं वाकडी आली. पण शेवटची रेघ त्यांनी तशीच दाबून उचलली.

मला वडिलांचा अभिमान वाटला आणि त्याच दमात चीडही आली. मी कागद ओढला आणि लिहिलं, 'झेंडा अस्सल. नावं बहिणीच्या...'

बाईंनी माझं मनगट धरलं. "ते नका लिहू. ज्यांची नावं त्यांनीच लिहिली म्हणा."

"बाई, ते खोटं आहे."

"तो खरं समजूनच गेला ना? आता त्याच्या माघारी मी त्याला वेड्यात काढू?"

मी तो कागद फाडला. नव्या कागदावर एकेक नाव उतरवलं आणि प्रत्येकापुढे लिहिलं, 'स्वहस्ते'. वडिलांच्या नावापुढेसुद्धा.