हॅम्बुर्गात राहिलेला नारळ

झाशीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकाचा पडदा उघडायचा, तो यमुनाबाईंनी स्टेजवर नारळ फोडल्यावरच. सासूबाई गेल्या तेव्हापासून हा मान त्यांचा. आणि यंदा भर तालमीत मंडळाचा सेक्रेटरी विक्रम येऊन म्हणतो, "काकूजी, इस बार नारळ धाकट्या काकूजींच्या हातून फोडवूया न? बाहरचे थेटर बघून आल्यात त्या."

धाकट्या काकूजी म्हणजे जाऊ कमळा. जर्मनीत, हॅम्बुर्गला, लेक हृषीकेशकडे थंडी काढून आली, तेव्हापासून तिच्या जिभेला विसावा नव्हता. यमुनाबाईंची धाव जवळच्या बबिना छावणीतल्या फौजी सिनेमापर्यंत. त्या वाती वळत राहिल्या, जरा जास्तच घट्ट.

सतरंजीवर कमळेभोवती बायका गुळाला मुंग्या लागाव्यात तशा लागल्या होत्या.

"एकाच रस्त्यावर नाटक, सिनेमा, कॅबरे, सगळं खेटून!"

"कॅबरे?" यमुनाबाईंनी मान वर न करता म्हटलं. "बरं झालं, सासूबाई नाहीत ऐकायला."

"तसलं नव्हे हो, वहिनी! एक माणूस उभा राहून पुढाऱ्यांची टर उडवतो. हसून हसून पोट दुखलं."

"तुला जर्मन कधीपासून कळायला लागलं?"

"सगळे हसले की हसायचं!"

"मग ते तर तू इथंही करतेस."

बायका खुसखुसल्या, पण लगेच पुन्हा कमळेकडे वळल्या. मेल्या!

"आणि नाटकाचं थेटर! लाल मखमलीच्या खुर्च्या. आत जाताना कोट काउंटरवर ठेवायचा, बिल्ला घ्यायचा. मी आपली घरची रीत म्हणून नारळ नेलेला, पडद्यापुढं फोडायला. हृषीकेशनं कपाळावर हात मारला. कोटवालीनं नारळही ठेवून घेतला, त्याचा बिल्ला वेगळा! येताना कोट घेतला अन् नारळ विसरले. बिल्ला अजून पर्समध्ये आहे, बघा!"

हशा पिकला. यमुनाबाईंनी वाती खाली ठेवल्या.

"ऐकलंस, विक्रम? देवाचा नारळ परमुलखात कोटांच्या गर्दीत टाकून आली. तिच्या हाती आमचा देतोस?"

कमळेचं तोंड एवढंसं झालं. विक्रम चाचरला, "जी... आपणच फोडा, काकूजी."

नाटकाच्या दिवशी यमुनाबाईंनी नारळ एका फटक्यात फोडला. पडदा उघडला. पुढच्या खुर्चीवर त्या ताठ बसल्या, पण नाटकात जीव रमेना. खुर्ची प्लास्टिकची, बूड चिकटत होतं. मखमल गार लागत असेल का? मध्यंतर झालं, तर बायका पुन्हा कमळेपाशी!

यमुनाबाई तरातरा गेल्या. गर्दी आपसूक बाजूला झाली. त्यांनी हात पुढे केला.

"बिल्ला आण इकडे."

"कशाला, वहिनी?"

"घराण्याचा नारळ तिथं कुजू द्यायचा? हृषीकेशला म्हणावं, या थंडीत काकूचं तिकीट काढ. मी सोडवून आणते."

कमळेनं पर्स उघडली. ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, "अन् नाटक?"

"गेलेच आहे तर बघेन." बिल्ला कनवटीला खोचत यमुनाबाई म्हणाल्या, "कोट मात्र तुझा उष्टा नको. मला नवा घे म्हणावं. तुझ्यापेक्षा लांब."