सासूबाईंचा मेणाचा दोरा

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांनीही कान इकडे द्या. मी एक जुना दोर आहे, झाडावर चढणाऱ्या माणसाला सांभाळणारा. माझ्या टोकाला मारलेल्या एका गाठीने एका घरचा कर्ता माणूस घरी कसा परत आणला, ती गोष्ट आज सांगतो. गाठ तरी केवढी, तर लिंबाएवढी. पण देवाला मोठे काम करून घ्यायचे असले की तो लहानाच्याच खांद्यावर हात ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा आणि वर निळ्या-पिवळ्या धाग्यांची विणलेली साल. एका टोकाला शिवलेला कान होता. त्यात चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याची कडी अडकायची. दुसरे टोक नुसते कापून, वितळवून बंद केलेले, वर प्लॅस्टिकची टोपी. त्याला सगळे शेपूट म्हणत. आणि बरोबर मध्यावर एक काळी खूण होती.

ती खूण कशाला, म्हणाल तर ऐका. चढणारा मला उंच फांदीवरून घेतो. कान त्याच्या पट्ट्याला, आणि शेपटाकडच्या बाजूवर त्याच पट्ट्याला जोडलेली सरकती गाठ. ती दाबली की तो अलगद खाली येतो, आणि माझे शेपूट तेवढेच वर येते. काळी खूण वरच्या फांदीला टेकली नाही, तोवर आपल्या खाली दोर शिल्लक आहे, असे समजायचे. पाने दाट असली की खालचे काही दिसत नाही. मग वर बघायचे आणि खुणेवर विश्वास ठेवायचा.

मला ज्याने घेतले तो झाडकाम करणारा माणूस बायको, लेक आणि सासू यांच्यासोबत राहायचा. सासूबाईंनी उभा जन्म ताडपत्र्या आणि तंबू शिवले होते. अंगठा असा घट्ट झालेला, की दाभण टोचले तर दाभणालाच दुखावे. त्या जावयाला कौतुकाने जावईबापू म्हणायच्या आणि त्याच कौतुकाने त्याचे वाभाडेही काढायच्या.

मित्रांनो, ते दिवस माझ्या मानाचे होते. एकदा दवाखान्याच्या छपरावर टेकलेली फांदी आम्ही उतरवली, तेव्हा खाटेवरच्या रोग्यांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. रोज सकाळी मालक माझा कान चाचपून बघायचा, पुसायचा. शेपटाकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते. ते चिखलातून फरफटायचे. टोपी कधी गळून पडली, कळलेसुद्धा नाही. मग वितळवलेले तोंड उकलले, धागे पिंजारले आणि साल गाभ्यावरून सरकत गेली. शेवटी माझे शेपूट हात नसलेल्या बाहीसारखे पोकळ झाले.

मला धुऊन वाळत घातले होते, तेव्हा सासूबाईंच्या बोटांना ते लागले. त्या जावयाला म्हणाल्या, "पुढून इस्त्री आणि मागून फाटकं, असा आहे तुमचा दोर."

तो हसला. "शेपटाला कोण विचारतं, आई? मी लटकतो कानाला."

"चढताना नाही विचारत. उतरताना विचारतात."

त्यांनी सुरी तापवली आणि पोकळ झालेला सगळा भाग कापून टाकला. दोन माणसे एकावर एक उभी राहतील एवढी माझी लांबी गेली. कापलेले तोंड वितळवून बंद केले. मग मेण लावलेला दोरा दाभणात ओवून माझ्या आरपार घेतला आणि वेढ्याला वेढा चिकटवत घट्ट गुंडाळायला बसल्या. प्रत्येक वेढ्याला देवाचे एक नाव, तेही गुणगुणत. ऐकता ऐकता माझा एकेक धागा शांत झाला.

जावई चेष्टेने म्हणाला की इतक्या हाका मारल्या तर देव ओ देऊन देऊन दमेल. त्यावर सासूबाईंचे उत्तर तयारच होते, की तुम्ही सारखे झाडावर असता, म्हणून त्याला जागे ठेवावे लागते.

मग त्यांनी मोलाची गोष्ट सांगितली. एक टोक कापले गेले, म्हणजे मधली खूण आता मध्यावर राहिली नाही, दोर संपला तरी ती आहे असेच सांगेल. ती पुसून नवी करायला हवी. दोराला चालेल असा रंग आणतो, असे त्याने जेवता जेवता कबूल केले आणि भाताबरोबर ते गिळूनही टाकले. तो रंग येईपर्यंत असावी म्हणून सासूबाईंनी शेपटाला लिंबाएवढी गाठ मारली आणि कुणी सहज सोडू नये म्हणून त्याच दोऱ्याने शिवून टाकली, तशीच गुणगुणत. त्याला हे आवडले नाही. गाठी बेचक्यात अडकतात, अशी त्याची जुनी तक्रार होती.

दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने एक थोरला वृक्ष चिरला आणि एका गोदामावर झुकला. निरोप आला तसा मालक मला खांद्यावर टाकून निघाला. बरोबर त्याचा जोडीदार होता. त्याचा आवाज असा, की सगळे त्याला तोफ म्हणत.

बारीक दोरी फांदीवरून टाकून मालकाने मला तिला बांधले आणि शेपटाकडून वर ओढले, तर गाठ बेचक्यात अडकलीच. दोनदा खाली घेतले, दोनदा अडकली. तोफ म्हणाला, एवढ्यासाठी कुठे थांबायचे, कापून टाक.

मालकाने सुरी उघडली. पाते माझ्या गाठीवर टेकले. मी काय करणार? दोराला तोंड नसते. पण त्याचा हात थांबला.

"यातल्या एकेका वेढ्यात देवाचं नाव आहे रे," तो म्हणाला. "त्यावर सुरी कशी चालवू?"

कुरकुरत त्याने मला उलटे केले आणि कानाकडून ओढले. कान सडपातळ, तो सुटसुटीत पार झाला.

वर गेल्यावर मालकाने मला आणखी उंच फांदीवर घेतले. चिरलेला भाग तुकड्या-तुकड्यांनी खाली सोडला. काम झाले आणि तो दाट पानांतून उतरू लागला. नजर वर, काळ्या खुणेवर. खूण फांदीपासून लांब होती, म्हणून तो निर्धास्त उतरत होता. आणि खालून माझे शेपूट वर येत होते.

खट्ट.

गाठ त्याच्या सरकत्या गाठीला जाऊन भिडली आणि तो हवेत थांबला. त्याने वर पाहिले, खूण अजून लांबच होती. खाली पाहिले, तर मुठीत माझे शेवटचे टोक, त्याखाली नुसती हवा आणि गोदामाचे उभे रचून ठेवलेले पत्रे. ती गाठ नसती तर मी त्याच्या हातून सळकन निघून गेलो असतो. तोफ शिडी आणायला धावला. मालकाने कमरेचा आखूड पट्टा खोडाभोवती अडकवला, आणि मग शिडी आली.

घरी येऊन तो सासूबाईंच्या शेजारी बसला. माझे शेपूट त्यांच्या हातात दिले. "आई, खूण बदलायची राहिली होती."

त्यांनी गाठ चाचपली. ती आवळून दगडासारखी झाली होती. काय ते त्यांना कळले. बराच वेळ त्यांनी ती हातातून खाली ठेवली नाही.

"हात धुऊन घ्या," त्या म्हणाल्या. "आधी जेवा. मग रंग आणायला जा."

त्या दिवसापासून माझ्या दोन्ही टोकांना सारखा मान मिळाला. पुढे साल झिजली आणि मला कामातून काढले. आता माझा गाठीचा तुकडा दाराजवळच्या खिळ्यावर असतो. कामाला निघताना मालक त्याला हात लावतो.

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. नव्या दोरांची टोके जावईच बांधतो. परवा त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "इथे एक वेढा ढिला आहे. कुणाचं नाव घेत होता?"

तो लाजला. "तुमचं, आई."

"तरीच. सोडा तो. देवाचं नाव घेऊन परत घाला."

त्याने तो सोडला आणि परत घातला.

मित्रांनो, दोर वापराल तेव्हा जे टोक मिरवते तेवढेच पाहू नका. जे मागे फरफटते, तेही हातात घ्या, पुसा, बांधा. आणि उंच झाडावरून कुणी माणूस सुखरूप खाली उतरताना दिसला, तर घरी बसून वेढ्यामागून वेढा घालणाऱ्या त्या म्हातारीची एकदा आठवण काढा.